गोदाकाठाने पायी किंवा सायकलवर निघताना या चुका टाळा

नाशिकमधला सोमेश्वरपासून तपोवनापर्यंतचा गोदाकाठ, म्हणजे गोदावरीचा काठ, ज्यांनी एकदाच पाहिला आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत, त्यांच्याशी बोलल्यावर तक्रारी ठरलेल्याच ऐकू येतात. वाट मध्येच संपली, चाक गाळात रुतले, चार किलोमीटरवर पंक्चर झाले, येताना ऊन डोक्यावर आले आणि पायांत त्राण उरले नाही. या सगळ्या गोष्टी मलाही कधी ना कधी भोगाव्या लागल्या आहेत, म्हणून त्या तक्रारींत खोटे काही नाही हे मी जाणतो. परंतु गेल्या काही वर्षांत आठवड्यातून दोन-तीन सकाळी याच काठाने पायी आणि सायकलवर फिरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. आपण गोदाकाठ म्हणजे बांधून तयार असलेला, सलग, बारमाही रस्ता समजतो. प्रत्यक्षात तो नदीच्या पात्रालगतचा पट्टा आहे, आणि तो कधी वापरायचा हे नदीच ठरवते. ही गोष्ट मनात ठेवून निघाले तर पुढच्या चुका पुष्कळ कमी होतात.

नकाशावर रेघ आहे म्हणजे वाट आहे, असे समजणे

मोबाइलवरच्या नकाशात नदीकाठाने जाणारी बारीक रेघ दिसते आणि ती गंगापूर गावापासून थेट पंचवटीपर्यंत पोहोचते असा भास होतो. प्रत्यक्षात हा काठ तुकड्या-तुकड्यांचा आहे. सोमेश्वरच्या मंदिराजवळचा भाग, आनंदवल्लीत नवश्या गणपतीच्या खालचा काठ, गंगापूर रोडला समांतर असलेला गोदापार्कचा पट्टा, घारपुरे घाट, होळकर पुलाखालून पुढचा गोदाघाट आणि शेवटी तपोवन, असे हे टप्पे आहेत. दोन टप्प्यांच्या मध्ये कुठे नाला आडवा येतो, कुठे एखाद्या मळ्याचे कुंपण थेट पाण्यापर्यंत गेलेले असते, तर कुठे पुरात उखडलेल्या फरशीनंतर नुसते दगडगोटे उरलेले असतात. अशा ठिकाणी हट्टाने पुढे जाण्यात शहाणपण नाही. नवखे लोक सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडू पाहतात आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरतात, किंवा कुंपणाच्या तारेखालून सायकल सरकवून दुसऱ्याच्या शेतात शिरतात. दोन्ही टाळावे.

यावर उपाय साधा आहे. पहिल्या वेळी सायकल न घेता, एकेक टप्पा पायी पाहून यावा. प्रत्येक टप्प्यातून मुख्य रस्त्यावर बाहेर पडायची जागा कुठे आहे, हे मनात पक्के करावे. गोदापार्कच्या बाजूने गंगापूर रोड फार दूर नसतो, त्यामुळे अडल्यास पाच-दहा मिनिटांत रस्त्यावर येता येते. काठावरची वाट शोधण्यापेक्षा काठावरून बाहेर पडण्याची वाट शोधून ठेवणे जास्त महत्त्वाचे आहे, असे मी प्रत्येक नव्या सोबत्याला आवर्जून सांगतो, कारण पाणी वाढले, पंक्चर झाले किंवा कोणाला चक्कर आली, तर हीच माहिती कामी येते.

दिशेचाही एक गोंधळ असतो. गोदावरी शहरात पश्चिमेकडून येते, पण रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळते. या दक्षिणवाही वळणाला धार्मिक महत्त्व आहे हे नाशिककरांना ठाऊकच आहे, पण वाट शोधणाऱ्यासाठीही ते महत्त्वाचे आहे. ‘नदी उजव्या हाताला ठेवून सरळ जायचे’ एवढ्याच खुणेवर निघालेला माणूस इथे सूर्याच्या बाजूवरून दिशा ओळखू लागला तर फसतो. तिथे खूण म्हणून पूल धरावेत: आधी रामवाडीचा, मग अहिल्यादेवी होळकर पूल, ज्याला जुने लोक अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात, त्यानंतर गाडगे महाराज पूल, टाळकुटेश्वराचा पूल आणि महामार्गावरचा कन्नमवार पूल. पुलांचा क्रम पाठ असला की नकाशा उघडण्याची फारशी गरज पडत नाही.

बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाच्या आधी घाटांची आणि काठावरच्या रस्त्यांची कामे निघतात. २०१५ च्या पर्वणीपूर्वी ती झाली होती, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठीही काठाचा चेहरा बदलतो आहे. म्हणून सहा महिन्यांपूर्वी पाहिलेली वाट आज तशीच असेल, असे गृहीत धरू नये.

शहरात ऊन आहे म्हणून नदी शांत आहे, असे समजणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत धोक्याची चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

नाशिक शहरात पडणारा पाऊस आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत पडणारा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ब्रह्मगिरीपासून नाशिकपर्यंतचे अंतर जेमतेम तीस किलोमीटर, पण घाटमाथ्याजवळ धो धो कोसळत असताना कॉलेज रोडवर लख्ख ऊन असू शकते. ते घाटाकडचे पाणी गंगापूर धरणात येते. धरण भरत आले आणि वरून येणारे पाणी थांबत नसले की नदीत विसर्ग सुरू केला जातो. धरणाच्या खाली आळंदी नदीचे पाणी मिळते, शहरातले नाले मिळतात. म्हणूनच पावसाळ्यात बातम्यांमध्ये दोन आकडे वेगळे दिलेले असतात, एक गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आणि दुसरा होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण मधले सगळे पाणी त्यात आलेले असते. काठाने जाणाऱ्याने दुसराही आकडा पाहायला हवा, आणि बहुतेक लोक नेमके तेच करत नाहीत.

क्यूसेक म्हणजे किती, हेही डोळ्यांसमोर आणून पाहावे. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. ‘फक्त हजार क्यूसेक सोडले आहे’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर नदीत रिकामे होत असतात. हे पाणी सोडल्याबरोबर रामकुंडावर दिसत नाही. त्याला यायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात काठ कोरडा व निवांत दिसतो. फसगत होते ती इथेच.

एका श्रावणात मी सकाळी साडेसहाच्या सुमारास काठाच्या खालच्या पट्ट्यात सायकल घेऊन उतरत होतो. पाऊस नव्हता, पाणी पायऱ्यांच्या बरेच खाली होते, आणि मी आदल्या रात्रीची बातमी पाहिलेली नव्हती. वरच्या पायरीवर गोधड्या धुवायला बसलेल्या एका मावशींनी मला हाक मारली. “दादा, खाली नका जाऊ. पाण्याचा रंग बघा.” मी पाहिले. काठालगतचे पाणी हिरवट होते, पण मधल्या धारेत मातकट पट्टा आला होता आणि त्यातून पानवेलींचे मोठमोठे पुंजके एकामागून एक वाहत चालले होते. वरच्या अंगाला साचलेल्या पानवेली सुटून येऊ लागल्या म्हणजे मागून पाणी येते आहे, हे त्या मावशींना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. मी परत फिरलो. अर्ध्या तासाने पुलावरून पाहिले तेव्हा मी ज्या पट्ट्यातून जाणार होतो, तो पाण्याखाली होता.

तेव्हापासून मी तीन खुणा पाहिल्याशिवाय खाली उतरत नाही. पाण्याचा रंग बदलतो आहे का, पानवेली किंवा पालापाचोळा धारेतून येतो आहे का, आणि काठावरच्या एखाद्या ठरावीक दगडाशी पाण्याची पातळी दहा मिनिटांत हलली आहे का. यांतली एक जरी खूण दिसली, तरी काठ सोडून वरच्या रस्त्याला लागावे. पाहायचे असेल तर पुलावरून पाहावे, आणि तेही गर्दी न करता.

गोदाघाटावर नाशिककरांचे स्वतःचे मापही आहे. पूर आला की तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आले, असेच विचारले जाते: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत की गळ्यापर्यंत. हे माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि ते उपयोगीही आहे, पण त्याचा चुकीचा वापर होतो. ‘अजून मारुतीच्या पायांशीच आहे’ असे म्हणून लोक वरच्या अंगाच्या खालच्या वाटांवर उतरतात, जेव्हा त्या वाटा त्या पातळीला आधीच पाण्याखाली जायला लागलेल्या असतात. मारुतीचे माप गावात शिरणाऱ्या पुराचे आहे. काठावरच्या पायवाटेला त्याच्या कितीतरी आधी धोका पोहोचतो. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाणी किती लवकर चढते हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांनी नारोशंकराच्या मंदिराजवळ उभे राहून नदीपात्र आणि मंदिर यांच्यातील उंची एकदा नीट न्याहाळावी.

फरशी पूल आणि बंधाऱ्यांच्या बाबतीत एकच नियम मी पाळतो. वरून पाणी वाहत असेल तर, ते घोट्याएवढे असले तरी, ओलांडायचे नाही. सायकल हातात धरून तर मुळीच नाही, कारण वाहते पाणी चाकांच्या आऱ्यांमध्ये अडकून सायकल खेचते आणि आपण ती सोडायला तयार नसतो. सोमेश्वरच्या धबधब्याचा खडकही असाच दिसायला रुंद आणि सपाट, पण ओला असताना काचेसारखा गुळगुळीत. तिथे फोटोसाठी कडेला जाऊन घसरल्याच्या घटना दर पावसाळ्यात कानावर येतात. धबधबा लांबून पाहावा.

पावसाळा संपला म्हणजे काठ मोकळा झाला, असे समजणे

दसरा झाला, हवा स्वच्छ झाली, की काठावर पुन्हा वर्दळ सुरू होते. या दिवसांत दोन गोष्टी विसरल्या जातात.

पहिली म्हणजे पाणी. पाऊस थांबला तरी नदीतून पाणी सोडणे थांबत नाही. काही वर्षी दिवाळीच्या आगेमागे खालच्या जायकवाडी धरणासाठी नदीपात्रातून पाणी सोडले जाते आणि तेव्हा निरभ्र आकाशाखाली नदी दुथडी वाहताना दिसते. अशा वेळी प्रशासन काठावरच्या लोकांना सावधगिरीची सूचना देते. ती सूचना धुणी धुणाऱ्यांसाठी आणि गुरे नेणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही, असे मानू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळ. पूर ओसरल्यावर फरसबंदीवर आणि पायऱ्यांवर बोट-दोन बोटांपासून वीतभरापर्यंत जाडीचा गाळ बसतो. चार-पाच दिवसांच्या उन्हाने त्याची वरची साय वाळते, तिला पापडासारख्या भेगा पडतात, कडा वर वळतात, आणि ती जमीन टणक आहे असे वाटते. मी ऑक्टोबरमध्ये अशाच एका पट्ट्यावर सायकल घातली. पुढचे चाक पाच-सहा फूट नीट गेले, मग साय फुटली आणि खालच्या लोण्यासारख्या काळ्या चिखलात ते चाक आऱ्यांपर्यंत उतरले. सायकल जागीच थांबली, मी हँडलवरून पुढे गेलो, आणि डाव्या मनगटाला महिनाभर पट्टा बांधावा लागला. आता मी गाळाच्या कडेला थांबून काठीने किंवा बुटाच्या टाचेने तो दाबून पाहतो. टाच रुतली तर सायकल हातात धरून कडेच्या दगडावरून जातो. पायी जाणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा, कारण गाळाखाली फुटलेल्या फरशीची फट किंवा निखळलेले झाकण लपलेले असू शकते.

त्या पडण्यात खरचटलेले कोपर मी नदीच्याच पाण्याने धुतले, ही त्याहून मोठी चूक होती. गोदावरी आपल्याला पवित्र आहे, पण शहरातून वाहताना तिच्यात सांडपाणी मिसळते, हे वास्तव आहे. उघड्या जखमेवर हे पाणी लावू नये. पिण्याच्या पाण्याची बाटली आणि जंतुनाशक मलमाची छोटी ट्यूब सोबत असावी, आणि मातीत पडून जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना विचारावे.

आधी उताराने जाणे

हे फार कमी लोकांच्या लक्षात येते. नदी ज्या दिशेने वाहते, त्या दिशेला उतार असणारच. गंगापूर रोडवर राहणारा नवखा सायकलस्वार घरून निघतो, प्रवाहाबरोबर पंचवटी आणि तपोवनाकडे उतरतो, पाय हलके पडतात, वेग मिळतो, आणि ‘आज मजा आली’ असे म्हणून तो टाकळीच्या संगमापर्यंत जातो. तिथून परतताना सगळा चढ समोर असतो, तोपर्यंत नऊ-साडेनऊ वाजलेले असतात, आणि मार्च ते मेमध्ये बऱ्याचदा पश्चिमेचा वारा तोंडावर येऊ लागलेला असतो. चढ फार मोठा नाही, पण चढ, ऊन आणि वारा एकत्र आले की चांगला धडधाकट माणूसही सायकल हातात धरून चालू लागतो.

म्हणून सकाळी आधी प्रवाहाच्या उलट, सोमेश्वरकडे जावे. त्या वेळी सूर्य पाठीशी असतो, हवा थंड असते आणि वारा पडलेला असतो. परतताना उतार आपल्या बाजूने असतो. येताना ऊन डोळ्यांवर येते, त्यासाठी पुढे झाप असलेली टोपी हेल्मेटखाली घालावी. सोमेश्वर ते रामकुंड हे अंतर सात-आठ किलोमीटरचे आहे. पहिल्या महिन्यात जाऊन-येऊन एवढेच पुरे. नाशिकच्याच डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि तेव्हापासून या शहरात सायकलीचे वेड वाढलेले आपण पाहतोच. ते वेड चांगले आहे, पण त्यामागची वर्षांची तयारी न पाहता पहिल्याच रविवारी चाळीस किलोमीटरचे ध्येय ठेवणारे लोक दुसऱ्या रविवारी दिसत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गुडघे दुखू लागले तर अंतर कमी करण्याआधी सीटची उंची तपासावी. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट यापेक्षा खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत असे त्यांना वाटते. त्या सवयीची किंमत गुडघे मोजतात.

रामकुंडावर आणि बाजारात सायकलवरून उतरायचे टाळणे

होळकर पूल ते गाडगे महाराज पूल हा भाग सायकल चालवण्याचा नाही. तो उतरून, सायकल हाताने ढकलत, सावकाश पार करायचा आहे. रामकुंडावर रोज पहाटेपासून अस्थिविसर्जन आणि दशक्रियेचे विधी चालू असतात. कोणी नुकतेच वडिलांना पोहोचवून आलेले असते, कोणी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत असते. त्यांच्यामधून घंटी वाजवत सायकल काढणे, किंवा ‘घाटावरची सकाळ’ म्हणून त्यांचे फोटो घेणे, हे कोणत्याही कारणाने योग्य नाही. मला तरी हे सांगावे लागते याचेच दुःख होते, पण दर रविवारी ते घडताना दिसते. पितृपक्षात, अमावास्येला आणि ग्रहणाच्या दिवशी हा भाग पूर्णपणे टाळून वरच्या रस्त्याने जावे.

बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. त्या दिवशी भाजीच्या पाट्या, भांडी आणि कपडे यांच्या दुकानांतून सायकल ढकलायलाही जागा नसते. बुधवारी मी फक्त वरच्या अंगालाच जातो, किंवा पिशवी घेऊन पायीच बाजारात येतो, आणि तोही काठ पाहण्याचा चांगला मार्ग आहे.

घाटाच्या काळ्या पाषाणाबद्दलही एक सूचना. शेकडो वर्षांच्या पावलांनी तो घासून गुळगुळीत झालेला आहे. त्यावर पाणी, तेल, हळद-कुंकू आणि फुलांचा चिखल असतो. गुळगुळीत तळाचे बूट घालून तिथे घाईने चालू नये, आणि उतरत्या पायरीवर कधीही पुढचा ब्रेक एकटा दाबू नये.

पंक्चर काढले, पण काटा तसाच ठेवला

गोदाकाठावर पंक्चरची कारणे मुख्यतः दोन आहेत, बाभळीचा काटा आणि सराटा. पावसाळ्यानंतर मोकळ्या जमिनीवर पसरणारी, बारीक पिवळ्या फुलांची जी वेल दिसते, तिची वाळलेली फळे म्हणजे सराटे. त्याचा एक तरी काटा नेहमी वर तोंड करून पडतो, त्यामुळे तो चुकणे कठीण. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पायवाटेच्या मधोमध, जिथे चाकांनी माती दाबली गेली आहे, तिथूनच सायकल न्यावी. कडेच्या गवतातून मुळीच नेऊ नये.

पंक्चर झाले की लोक ट्यूब बाहेर काढतात, भोक शोधतात, पॅच लावतात, हवा भरतात, आणि पाचशे मीटरवर चाक पुन्हा बसते. मग पॅच वाईट होता असे म्हटले जाते. कारण जवळजवळ नेहमीच दुसरे असते: काट्याचे टोक टायरच्या आत राहिलेले असते. बाहेरून ते तुटलेले असते म्हणून दिसत नाही. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतल्या बाजूने बोटांची टोके हळुवार, पूर्ण एक फेरी फिरवावीत. जिथे खुपते तिथे थांबावे, आणि चिमट्याने किंवा नखाने ते टोक बाहेर ओढावे. बोट जोरात फिरवले तर काटा बोटात जातो, म्हणून फडक्याचा एक पदर फिरवणे चांगले. जिथे धागा अडकतो, तिथे काटा असतो. सराट्यांचे पंक्चर एकटे नसते, तीन-चार भोके असू शकतात, म्हणून पहिले भोक सापडल्यावर शोध थांबवू नये.

दुसरी चूक घाईची. भोकाभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावी, त्यावर सोल्युशनचा पातळ थर लावावा आणि ते वाळू द्यावे. बोट लावल्यावर ओले लागणार नाही, नुसते चिकट वाटेल, तेव्हाच पॅच दाबायचा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हवा भरल्यावर सुटतो. पाच मिनिटांची वाट पाहणे जमत नसेल तर सोबत एक नवी ट्यूब ठेवावी आणि पंक्चर घरी निवांत काढावे, मी तसेच करतो. ट्यूब घेताना मात्र टायरच्या कडेवर लिहिलेला आकार आणि व्हॉल्व्हचा प्रकार दोन्ही पाहावे. एकदा एका दुकानातून मी फक्त आकार सांगून ट्यूब आणली. तिचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड होता आणि माझ्या रिमचे छिद्र बारीक, हे मला आनंदवल्लीच्या काठावर, जुनी ट्यूब काढून झाल्यानंतर कळले. तिथून घरापर्यंत सायकल ढकलत यावे लागले.

हवा किती भरायची याबद्दलही गैरसमज आहेत. जास्त हवा भरली की पंक्चर होत नाही असे अनेक जण मानतात. दगडगोट्यांच्या वाटेवर फार कडक टायर उसळतो आणि पकड सोडतो. फार मऊ टायर दगडावर आदळला की ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या तर काटा शोधू नये, हवा कमी होती हे समजावे. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या मधोमध ठेवून सुरुवात करावी.

कुत्री, बिबट्या आणि अंधार

कुत्री मागे लागली की वेग वाढवणे ही पहिली ऊर्मी असते, आणि तीच चुकीची आहे. पळणाऱ्या चाकामागे ती धावणारच. थांबावे, उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि शांतपणे चालावे. चावा घेतलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नाशिकच्या आसपास ऊस, मळे आणि नदीकाठची झाडी आहे, त्यामुळे बिबट्याचा वावर शहराच्या कडेलाही असतो. सूर्योदयापूर्वी आणि तिन्हीसांजेनंतर गंगापूर गावाकडच्या एकाकी भागात एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना पुढे धावू देऊ नये. समोर दिसलाच तर वाकू नये, पाठ फिरवून पळू नये. उभे राहून, मोठ्याने बोलत, हळूहळू मागे सरकावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

हिवाळ्यात पहाटे नदीवर धुके असते. समोर पांढरा आणि मागे लाल दिवा चालू ठेवावा, पायी जाणाऱ्यांनी फिकट रंगाचे कपडे घालावेत.

घरी आल्यावर सायकल तशीच उभी करणे

काठावरची बारीक वाळू चेनमध्ये जाते आणि तेलाबरोबर मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करते. वरून नुसते तेल ओतले तर ती आणखी आत जाते. आधी कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल उलटे फिरवावे, फडके काळे येणे कमी झाले की मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडावे आणि वरचे जादा तेल पुसून घ्यावे. ब्रेक करकरत असतील तर पॅडमध्ये रुतलेला वाळूचा कण टाचणीने काढावा. रिमवर तेल मात्र कधीही लागू देऊ नये.

सायकल भिंतीला टेकवण्यापूर्वी दोन्ही टायर एकेक फेरी फिरवून पाहावेत. रबरात रुतलेला सराटा त्या वेळी वाळलेल्या मातीच्या ठिपक्यासारखा दिसतो, आणि तो ट्यूबपर्यंत पोहोचायला अजून दोन-तीन किलोमीटर बाकी असतात.